वाचक विचारतात : पहिली रायफल कोणती घेऊ?

या वेळी बंदुकीबद्दलची बरीच पत्रं आलीत, त्यातली चार निवडली. नेमबाजी शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, पण या विषयात अर्धवट सांगून सोडून देणं मला पटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमधे डलासजवळ राहतो, ग्रीन कार्ड झालंय. ऑफिसच्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातो आणि आता स्वतःची सेमी ऑटोमॅटिक रायफल घ्यायची म्हणतोय. आमच्या घरात आजवर कुणी बंदूक हातात धरली नाही, मला तर फोन ठेवल्यावर झोपच लागत नाही. तो ऐकणार नाही हे मला माहीत आहे, निदान पहिली कोणती घ्यावी, काय बघावं ते तरी सांगा, मी त्याला तसं सांगेन. घरात चार वर्षांची नात आहे. – एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

काकू, तुम्ही "घेऊ नको" एवढंच म्हणून थांबला नाहीत, काय बघायचं ते विचारलंत, हे फार चांगलं केलंत. मुलगा मोठा आहे, तिथला कायदा त्याला परवानगी देतो, मग घेतोच आहे तर नीट घेऊ दे आणि नीट सांभाळू दे.

आधी सेमी ऑटोमॅटिक म्हणजे काय ते सांगतो, कारण हे नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की ट्रिगर दाबला की गोळ्यांचा पाऊस पडतो. तसं नसतं. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. फरक इतकाच की ती सुटल्यावर तिच्याच जोरानं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि स्प्रिंगनं बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधलं (काडतुसं भरायच्या पेटीतलं) दुसरं काडतूस चेंबरमधे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, ढकलतो. म्हणजे रायफल स्वतःहून पुन्हा भरली जाते, तुम्हाला हातानं बोल्ट ओढावा लागत नाही. सोय म्हणायची तर ही आणि धोका म्हणायचा तर तोही हाच, कारण नवीन माणूस एक गोळी मारून "झालं" म्हणतो आणि त्याच्या हातातली रायफल मात्र पुढच्या गोळीला तयार असते.

म्हणून दुकानात जायच्याही आधी त्यानं रायफल रिकामी करायला शिकायला हवं, आणि ते पाठ करायला हवं. बोट ट्रिगरपासून लांब, नळी सुरक्षित दिशेला, मग आधी मॅगझिन काढायचं, आणि मगच बोल्ट मागे ओढायचा. आत असलेलं काडतूस बाहेर पडतं. बोल्ट मागेच अडकवून ठेवायचा, चेंबरमधे डोळ्यांनी बघायचं आणि शिवाय करंगळी घालून चाचपायचं, अंधुक उजेडात डोळा फसतो, बोट फसत नाही. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि मग मॅगझिन काढलं, तर काय होतं बघा, ओढल्यावर जुनं काडतूस बाहेर पडलं खरं पण सोडल्यावर मॅगझिनमधलं नवीन आत गेलं, आता मॅगझिन टेबलावर आहे, माणसाला वाटतंय रायफल रिकामी झाली, आणि चेंबरमधे एक गोळी बसलेली आहे. "रिकाम्या" बंदुकीनं अपघात झाला असं आपण ऐकतो ना, त्यातले कितीतरी असेच होतात. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हे इतक्या वेळा करायला लावतो की ती कंटाळतात, कंटाळली तरी चालेल.

आता कोणती घ्यावी. माझं मत अगदी स्पष्ट आहे, पहिली रायफल .२२ लाँग रायफल काडतुसाची घ्यावी, म्हणजे आपण ज्याला पॉइंट टू टू म्हणतो ती. व्हिडिओ बघून सगळ्यांना एआर-१५ धर्तीची, सैनिकी रायफलीसारखी दिसणारी, .२२३ किंवा ५.५६ काडतुसाची हवी असते, दिसायला भारी असते, पण शिकायला ती पहिली नको. .२२ ची गोळी साधारण अडीच ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास, .२२३ ची गोळी साडेतीन ग्रॅमची पण वेग साडेनऊशे मीटरच्या वर. वेग इतका वाढला की आवाज आणि झटका दोन्ही वाढतात आणि नवशिक्याचं अंग आपोआप आवाजाची वाट बघायला लागतं, ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, आणि ही सवय एकदा लागली की सोडवायला जन्म जातो. .२२ मधे झटका जवळजवळ नसतोच त्यामुळे आपण काय चुकतोय ते दिसतं. शिवाय काडतुसं कितीतरी स्वस्त, म्हणजे त्याच पैशात सराव जास्त होतो.

.२२ मधे सेमी ऑटोमॅटिकच हवी असेल तर रुगर १०/२२ हे जुनं आणि भरवशाचं नाव आहे, १९६४ पासून बनतेय, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, १० गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खालच्या बाजूनं आत बसतं आणि बाहेर लोंबत नाही. तिचे सुटे भाग तिथे कुठेही मिळतात. एआरसारख्या आकाराच्या .२२ रायफलीही येतात, पुढे मोठी एआर घ्यायचा विचार असेल तर त्याही ठीक, सेफ्टी आणि मॅगझिनचं बटण त्याच जागी असतं म्हणून हाताला वळण लागतं. पण मला कुणी मनापासून विचारलं तर मी म्हणेन की वर्षभर बोल्ट ॲक्शन .२२ वर काढावं. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट चालवावा लागतो म्हणून माणूस थांबतो, श्वास घेतो, पुन्हा निशाण धरतो. सेमी ऑटोवर नवखा माणूस पहिली गोळी चुकली की दुसरी लगेच मारतो, तीही चुकते, मग तिसरी, अर्धा डबा संपतो आणि शिकणं काहीच होत नाही. मुलगा नाही ऐकणार हे कळतंय मला, पण मग निदान एवढं करू दे की मॅगझिनमधे सुरुवातीला एकच काडतूस घालायचं. सेमी ऑटो आपोआप सिंगल शॉट होते, पैसे काही लागत नाहीत.

दुकानात काय बघायचं तर पहिली गोष्ट अंगाला बसते का. खांद्याला लावून डोळे मिटायचे, मान सैल ठेवून गाल स्टॉकवर (रायफलीच्या मागच्या दांड्यावर) टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. साइट, म्हणजे निशाण धरायची खूण, सरळ डोळ्यासमोर आली तर रायफल अंगाची, मान वाकडी करावी लागली तर नाही. कोणता डोळा मुख्य आहे, म्हणजे निशाण धरताना कोणता पुढाकार घेतो, तेही आधी बघावं, उजव्या हाताच्या कितीतरी लोकांचा डावा डोळा मुख्य असतो आणि हे रायफल घेतल्यावर कळून उपयोग नाही. सेफ्टीचं बटण न बघता बोटाला सापडतं का, मॅगझिन हातमोजा घालूनही निघतं का, बोल्ट मागे अडकतो का आणि तो अडकवायला किती खटपट करावी लागते, हे सगळं हातात घेऊनच कळतं. १०/२२ बद्दल एक बारीक गोष्ट, तिची मागची बाजू बहुतेक मॉडेलात बंद असते त्यामुळे साफ करायची सळई मागून जात नाही, लोक मग तोंडाकडून घालतात आणि नळीचं तोंड घासून खराब करतात. त्यापेक्षा दोरीवाला क्लीनर चेंबरकडून आत सोडून पुढून ओढावा.

पुढेमागे ५.५६ वाली घेतलीच तर नळीवर काय कोरलंय ते वाचायचं. ५.५६ नाटो लिहिलेल्या रायफलीत .२२३ चं काडतूस चालतं, पण .२२३ लिहिलेल्या रायफलीत ५.५६ चं घालायचं नाही, दिसायला सारखी असतात आणि बसतातही पण दाब जास्त होतो. आणि १६ इंचापेक्षा छोट्या नळीची रायफल "स्टायलिश आहे" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हात लावू नये, अमेरिकेत ती १९३४ च्या वेगळ्या कायद्यात येते, तिची नोंदणी वेगळी आणि नोंदणी नसेल तर गुन्हा मोठा.

खरेदीची रीत अशी की लायसन्सवाल्या दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि दुकानदार पार्श्वभूमी तपासतो. ग्रीन कार्डवाल्याला घेता येते, त्याचा नंबर फॉर्मवर लिहावा लागतो. फॉर्मवर अगदी सरळ विचारलेलं असतं की ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. दुसऱ्यासाठी घेऊन स्वतःच्या नावानं सही करणं हा तिथे केंद्राचा गुन्हा आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण आपली पोरं एकमेकांना धरून राहतात, एकाचं कार्ड झालेलं, दुसरा अजून एच-वन-बीवर, आणि तो म्हणतो की "यार तुझ्या नावावर माझी पण घे". एच-वन-बी, विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायलाच बंदी आहे, काही ठरावीक सूट आहेत, वैध हंटिंग लायसन्स ही त्यातली एक, पण ती सूट आपल्याला लागू आहे का हे तिथल्या वकिलाला विचारूनच ठरवावं, मित्राच्या सांगण्यावर नाही. चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड दोन्ही जातं. मुलाला सांगा, रूमवर आलेल्या व्हिसावाल्या मित्राच्या हातात "जरा बघ" म्हणूनसुद्धा देऊ नको. आणि सुट्टीत इंदूरला येताना सामानात रायफल काय, एखादं विसरलेलं काडतूससुद्धा नको, बॅगेच्या कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर केस झालेली लोकं आहेत, रेंजवर न्यायची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी.

आता नात. काकू, मला विचाराल तर रायफलीच्याही आधी तिजोरी घ्यायला सांगा. रायफल रिकामी करून तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली किंवा कोड नातीला कळणार नाही असा. कपाटाच्या वर, पलंगाखाली, दाराच्या मागे, या जागा चार वर्षांच्या मुलीला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. टेक्सासमधे निष्काळजीपणानं ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, कुणाला इजा झाली नाही तरी. नातीलाही धमकावून नाही, साध्या शब्दांत सांगावं की अशी वस्तू दिसली की हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. पण भिस्त कुलपावर ठेवायची, पोरीच्या समजूतदारपणावर नाही.

आणखी काही गोष्टी रेंजवर कामी येतील. .२२ ची काडतुसं कधीकधी वाजत नाहीत. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नाही, नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, उशिरानं पेटलेलं काडतूस उघड्या बोल्टमधे फुटू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर मारणं तिथेच बंद, रिकामी करून नळी आरपार दिसते का बघायचं, गोळी आत अडकलेली असेल आणि मागून दुसरी गेली तर नळी फाटते. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा हे .२२ वरही लागतंच, "आवाज कमी आहे" म्हणून न घालणाऱ्यांचे कान हळूहळू जातात आणि गेलेले परत येत नाहीत. घरी आल्यावर साबणानं हात धुवून मगच नातीला उचलायचं, हाताला, कपड्यांना शिसं असतं.

प्रश्न : सर मला इंदूरमधे सेमी ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आहे, वय २४, शौक म्हणून. एक ओळखीचा म्हणतो लायसन्स नंतर बनवू, माल आधी बघून घे, खरगोनकडून येतो. किती सेफ आहे? – विजयनगर, इंदूर

बिलकुल सेफ नाही, आणि तो ओळखीचा तुझा मित्र नाही.

भारतात सेमी ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाच्या लायसन्सवर मिळत नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्समधे ती प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत येते, तिची परवानगी जिल्ह्यातून निघत नाही, दिल्लीत गृह मंत्रालयाच्या हातात असते, आणि ती कुणासाठी तर अतिरेक्यांपासून जिवाला गंभीर धोका असलेल्यांसाठी वगैरे. शौक हे कारण त्यात बसत नाही. पिस्तुलं सेमी ऑटो असतात आणि ती साध्या लायसन्सवर मिळतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो, पण पिस्तुलांचा वर्ग वेगळा आहे.

आता "लायसन्स नंतर बनवू" चं बघ. चोरून घेतलेल्या हत्याराचं लायसन्स नंतर बनतच नाही, प्रत्येक लायसन्सी शस्त्राचा नंबर आणि बिल सरकारी नोंदीत असतं, तुझ्या त्या मालाला नंबरच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं शस्त्र जवळ सापडलं तरी दोन ते पाच वर्षं, आणि प्रतिबंधित असेल तर सात ते चौदा वर्षं. २४ वर्षांचा मुलगा ३८ चा होऊन बाहेर येईल. शिवाय ही देशी हत्यारं कुठल्या पोलादाची, कुठल्या पाइपाची नळी घालून बनवतात कुणाला माहीत, चेंबर फाटून चालवणाऱ्याचीच बोटं गेलेली असतात. त्या माणसाचा नंबर ब्लॉक कर. हे मी रागावून लिहीत नाहीये, मला खरंच काळजी वाटते, तुझ्यासारखी चांगल्या घरची पोरं रील बघून यात अडकतात आणि मग आईवडील वकिलांचे उंबरे झिजवतात.

शौक खरा असेल तर रस्ता आहे आणि चांगला आहे. एखाद्या क्लबात जा, एअर रायफलपासून सुरू कर. ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, ओळखपत्र देऊन बिलावर मिळते. नंतर वाटलंच तर .२२ ची बोल्ट ॲक्शन किंवा सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल यांचं लायसन्स मागता येतं, वय २१ पूर्ण हवं, पोलीस तपासणी होते, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि शस्त्र सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग लागतं, आणि हो, "का पाहिजे" याचं पटेल असं कारण लागतं. आता एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, लायसन्स पाच वर्षांचं असतं. .३१५ बद्दल माझं मत विचारशील तर शिकायला ती अजिबात घेऊ नको, झटका जोरदार आणि काडतुसं महाग, आपल्याकडे ती बहुतेक शेतावरच्या आणि राखणीच्या कामाला घेतली जाते आणि कपाटात पडून राहते.

आणि लग्नात हवेत फायर करायचा शौक असेल तर लायसन्स असूनही तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवरच येते.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. पॅरिस ऑलिंपिक बघितल्यापासून रायफल पाहिजे म्हणून मागे लागली आहे. दुकानदार म्हणतो इंपोर्टेड एअर रायफल घ्या, पुढे बदलावी लागणार नाही. घ्यावी का? की सेमी ऑटोमॅटिक पद्धतीची घेतली तर सोपी जाईल? – महू

ताई, पहिल्यांदा मुलीला माझ्याकडून शाब्बास सांगा. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मधे पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमधे ब्राँझ घेतलं ते बघूनच आली असेल. कोल्हापूरकडचा मुलगा, आणि त्याच स्पर्धेत आपल्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरही उतरला होता, तो भोपाळच्या राज्य अकादमीत तयार झालेला आहे. तुम्ही तर महूत राहता, सैन्याचे नेमबाज तयार करणाऱ्या मार्क्समनशिप युनिटच्या गावात, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला रौप्य घेणारे विजय कुमार त्याच युनिटचे. म्हणजे हे सगळं फार लांबचं नाही.

पण रायफल आत्ता घेऊ नका. निदान पहिले सहा-आठ महिने क्लबची रायफल वापरू दे. आठवीतली मुलगी वर्षभरात उंच होणार, खांदे रुंद होणार, आज बसवलेली रायफल तिला उद्या लागू होणार नाही. १० मीटरच्या रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, चांगल्या रायफली चार किलोच्या आसपास असतात, आणि ते वजन उभं राहून, हात हवेत न ताणता, कोपर कमरेच्या हाडावर टेकवून सांभाळायचं असतं. तिला आधी ते उभं राहणं शिकू दे. घरी पाण्याची बाटली समोर धरून हात थरथरेपर्यंत उभं राहायचं वगैरे जे व्हिडिओ फिरतात ते करू नका, रायफल हाडांवर तोलायची असते, दंडाच्या जोरावर नाही, वाढत्या वयात पाठ दुखायला लागते.

सेमी ऑटोमॅटिक तर विषयच नाही, १० मीटरला एका वेळी एकच छर्रा हातानं भरतात. ६० छर्रे, ७५ मिनिटं. टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीचं टोक टेकवल्याएवढा, दहा मीटरवरून. घाईचा इथे काय उपयोग. तिची खरी परीक्षा दोन छर्‍यांच्या मधल्या मिनिटभरात आहे, निशाण हललं तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची हिंमत होते का, हे बघा. ज्या मुलांना न मारता रायफल खाली ठेवता येते ती पुढे जातात.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बूट आणि जॅकेट, पण तेही अंग थोडं भरल्यावर. रायफल घ्यायची वेळ आली तर फाइनवर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ, श्टायर ही नावं कुठल्याही रेंजवर दिसतील, नवीन घेतली तर लाखांत जाते, म्हणून बरेच पालक जुनी घेतात आणि ते बरोबरच आहे. जुनी घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा, मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि त्यात दोनशे बार दाबाची हवा भरायची असते, त्यामुळे जिवालाही धोका. ट्रिगर आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) कुठपर्यंत मागेपुढे होते ते मुलीला धरायला लावून बघा, विकणाऱ्याचं बोलणं ऐकून नाही. डावखुरी असेल किंवा डावा डोळा मुख्य असेल तर ग्रिप वेगळी लागते, हे दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत. आणि घरी आणल्यावर गच्चीवर कबुतरांवर वगैरे कुणीही वापरायची नाही, भाऊ नाही, मामा नाही. ज्या घरात एअर रायफल खेळणं झाली त्या घरात कुणाचा तरी डोळा गेलाय असं मी बघितलंय.

प्रश्न : आजोबांची बारा बोअरची दुनाळी आहे, लायसन्स त्यांच्या नावावर. ते मागच्या महिन्यात गेले. बंदूक घरातच आहे. बाबा म्हणतात राहू दे, आठवण आहे. काय करावं? – रामबाग, इंदूर

आजोबा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण बंदूक आज घरात ठेवू नका, उद्याही नाही. लायसन्स आजोबांच्या नावाचं होतं, ते गेल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ती असणं विनापरवाना असण्यासारखंच आहे, हेतू कितीही चांगला असो. बंदूक, काडतुसं, लायसन्सचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या पोलीस थान्यात किंवा लायसन्सी डीलरकडे जमा करा आणि पावती घ्या, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. निवडणुकीच्या वेळी आजोबा थान्यात जमा करायचे ना, तसंच. नेताना काडतुसं वेगळ्या पिशवीत, बंदूक उघडून.

आणि आठवण जाणार नाही. आर्म्स रूल्समधे वारसाच्या नावानं लायसन्स मागायची सोय आहे, बाबांनी अर्ज करावा, बाकी भावंडांची ना-हरकत जोडावी, तोपर्यंत बंदूक जमा राहील. खरं तर मालक ७० वर्षांचे झाले किंवा शस्त्र ठेवून २५ वर्षं झाली की जिवंतपणीच वारसाच्या नावे करायचा अर्ज करता येतो, तुमच्या ओळखीत कुणाचे आजोबा असतील तर त्यांना हे सांगा, नंतरची धावपळ वाचते. घरातल्या कुणालाच लायसन्स नको असेल तर डीलरमार्फत विकता येते. डीलरकडे बराच काळ पडून राहिली तर आतून गंजते, म्हणून जमा करायच्या आधी नळ्या सुक्या कापडानं पुसून आत तेलाचा हलका हात फिरवायला सांगा, ते काम डीलरच करून देईल, घरी कुणी उघडून बसू नका.

लाकडी बटवर आजोबांचं नाव कोरलेलं असेल तर त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा, तो पावतीबरोबर लावा.